नारळ फोडल्याशिवाय न हलणारी गाडी

धोंडाबाई गेल्याचे माले गावाला कळले ते माझ्या हॉर्नमुळे. म्हणजे हॉर्न वाजला नाही म्हणून. माझा ड्रायव्हर कुशाबा गावाच्या वेशीपाशी आला की दोनदा हॉर्न वाजवायचा. बायकोने चुलीवर तवा ठेवावा, एवढाच त्याचा अर्थ. त्या दिवशी मी वेशीतून आत आले आणि त्याचा हात हॉर्नकडे गेलाच नाही. ओढ्यावर धुणे धुणाऱ्या बायका हातातले टाकून उभ्या राहिल्या. माझ्या मागच्या फळीवर पेंढा अंथरला होता आणि त्यावर कुशाबाची बायको धोंडाबाई पांढऱ्या चादरीत निजली होती. पायाशी तिची लेक जया बसली होती.

मित्रांनो, मी एक जुनी मालमोटार आहे. ही गोष्ट माझ्या दुखण्याची आहे, पण ती धोंडाबाईपासून सुरू करावी लागते. तिच्याशिवाय माझ्या दुखण्याकडे कोणी पाहिलेच नसते.

माझा जन्म लढाईसाठी झाला. समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात माझ्यासारख्या शेकडो मोटारी एका रांगेत तयार झाल्या. सगळ्यांना एकच हिरवा रंग. बोटीतून मी मुंबईला उतरले, दोन वर्षे सैनिकांची पोती आणि पेट्या वाहिल्या, आणि लढाई संपल्यावर एका मैदानात उभी राहिले. तिथे गवत माझ्या चाकांपर्यंत वाढले. मग लिलाव झाला. मुळशीतल्या माले गावच्या हैबतरावांनी मला घेतले. त्यांची भातशेती मोठी होती. त्यांनी मला तांबडा रंग दिला, पुढे झेंडूचा हार घातला आणि कुशाबाला माझ्यावर ड्रायव्हर नेमले.

ते दिवस चांगले होते. तांदूळ, कोळशाची पोती, आंब्याच्या पाट्या, लग्नाची वऱ्हाडे, सगळे मी वाहिले. पौड, पिरंगुट, मग घाट, मग भूगाव आणि पुणे. माझ्याबरोबर कोंडिबा असे. तो नावाला क्लीनर, पण वयाने कुशाबापेक्षा दहा वर्षांनी मोठा. पुढून लोखंडी हँडल घालून इंजिन फिरवायचे, म्हणजे हँडल मारायचे काम त्याचे. हँडल मारले की तो मला दोन शिव्या देई आणि मी सुरू झाले की माझ्या बॉनेटवर थाप मारी. दोन्ही मला सारखेच वाटत.

पिरंगुटचा घाट चढून आले की माथ्यावर वडाखाली म्हसोबा आहे. शेंदूर लावलेला दगड, बाकी काही नाही. तेव्हा या रस्त्यावरच्या ड्रायव्हरांची एक रीत होती. देवापुढे घरघर करत उभे राहायचे नाही. इंजिन बंद करायचे, खाली उतरायचे, पाया पडायचे आणि मग पुढे जायचे. कुशाबा ही रीत कधी चुकवत नसे.

पहाटेच्या खेपेला कधी अडचण आली नाही. हवा गार असे. पण उन्हाळ्यात भर दुपारी मी भरल्या अंगाने तो चढ चढले आणि माथ्यावर इंजिन बंद झाले, की पुन्हा सुरू होत नसे. कोंडिबा हँडल मारून मारून घामाघूम होई. आधी असे होत नव्हते. धोंडाबाई गेली त्याच्या तीनेक वर्षे आधी सुरू झाले. पुण्याच्या एका मेस्त्रीला दाखवले. त्याच्या दारात मी सकाळी गार अंगाने उभी होते. त्याने हँडल मारले, मी पहिल्या झटक्याला सुरू झाले. तो म्हणाला, गाडीला काही झालेले नाही, ड्रायव्हरला झाले आहे.

मग कोंडिबाने उपाय शोधला. देवाला नारळ. त्याचा नारळ म्हणजे घाईचे काम नव्हते. आधी तो नारळ सोलायचा. मग खालच्या झऱ्यावरून तांब्याभर पाणी आणून देवाला घालायचे. मग नारळ फोडायचा, खोबऱ्याचे तुकडे करून सगळ्यांना वाटायचे, स्वतः खायचे, वर एक विडी ओढायची. एवढे झाले की तो हँडलला हात घाली आणि मी सुरू होई. दर वेळी. पौडपासून भूगावपर्यंत लोक म्हणू लागले, मालेची गाडी नारळ खाते. हैबतराव एकदम दहा-दहा नारळ आणून माझ्या सीटखाली टाकू लागले. कोणाला यात काही चुकते आहे असे वाटले नाही. मलाही सांगता येत नव्हते.

सत्तावन्न सालच्या वैशाखात धोंडाबाईला ताप आला. तीन दिवस घरचे काढे झाले. चौथ्या दिवशी ती माणसे ओळखेना, तेव्हा कुशाबाने तिला माझ्यात घातले. जया नुकतीच जवळच्या चांदे गावी सासरी गेली होती, आईच्या दुखण्याचे ऐकून आली होती. भर दुपार होती. घाट चढून मी माथ्यावर आले. आणि कुशाबाने रीतीप्रमाणे इंजिन बंद केले. बायकोसाठी देवाला हात जोडले आणि धावत परत आला.

मी सुरू झाले नाही.

त्या दिवशी घाईत सीटखाली नारळ पाहायचा राहिला होता. पाहिले तेव्हा एकही नव्हता. कोंडिबाचे हात थकले तेव्हा कुशाबाने हँडल घेतले. त्याच्या तळहाताला फोड आले आणि फुटले. वडाखाली करवंदे विकणारी पारू बसत असे. ती घाटाखालच्या कातकऱ्यांच्या वाडीतली. तिने आपल्या मडक्यातले पाणी धोंडाबाईच्या तोंडात चमच्याचमच्याने घातले. अर्धा तास गेला. मग मी सुरू झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याच्या दवाखान्यात धोंडाबाई गेली.

गावात बोलणे सुरू झाले. मला घेतले त्या वर्षी कुशाबाने म्हसोबाला बोकडाचा नवस बोलला होता, तो फेडायचा राहिला होता. म्हणून देवाने गाडी धरली आणि बाई नेली, असे लोक म्हणाले. तोंडावर कोणी म्हणाले नाही. पण गावात पाठीमागे बोललेलेही ऐकू येते. कुशाबाने तेरावा झाल्यावर पहिले काम ते केले. बोकड दिला, देवापुढे कान धरले, गावाला जेवण घातले. त्याला वाटले, मिटले.

पावसाळा गेला, हिवाळा गेला. पुढच्या चैत्रात पहिल्याच दुपारच्या खेपेला मी पुन्हा माथ्यावर थांबले.

कुशाबा कितीतरी वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. कोंडिबाने नारळ काढला तरी तो खाली उतरला नाही. देव अजून मानला नाही, मग त्याला आता काय पाहिजे, हा एकच विचार त्याच्या डोक्यात होता. त्याला कारण होते. जया पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. आई नव्हती, पण रीत होती, आणि बाप होता. रंभाबाई नावाची गावची जुनी सुईण तिला बघून गेली. जाताना तिने कुशाबाला अंगणात बाजूला घेऊन सांगितले, “प्वार आडवं हाय. हितं माझ्या हातनं व्हायाचं न्हाई. कळा सुरू झाल्या की पुण्याला न्यायची, वाट बघायची न्हाई.”

दिवस भरायला वीसच दिवस होते. म्हणजे ऐन वैशाख. म्हणजे तोच घाट. गावात दुसरी मोटार नव्हती.

त्या आठवड्यात माथ्यावर मी पुन्हा थांबले असताना पारू बसल्या जागेवरून म्हणाली, “दादा, येक बोलू का? रागवू नगा.”

कोंडिबा नारळ सोलत होता. तो म्हणाला, “तू करवंदं इक. मेस्त्री हायेस व्हय तू?”

“मेस्त्री न्हाई. पर मी हितं रोज बसती आन तुमच्या नारळाचं खोबरं मीच खाती. मला ठावं हाय, कवा काय व्हतं ते. घाई केली की गाडी सुरू व्हत न्हाई, मंग नारळ फोडा न्हाईतर डोकं फोडा. वडाची सावली त्या धोंड्यावरनं ह्या धोंड्यावर आली की व्हती.”

“देवाच्या दारात बसून असं बोलतीस?” कोंडिबा म्हणाला.

पारू त्याच्याकडे न बघता कुशाबाकडे बघत होती. “वैनी व्हत्या त्या दिशी नारळ कुटं व्हता, दादा? तरी झालीच की सुरू.”

कोंडिबाचा हात थांबला. कुशाबा रस्त्याच्या कडेला खाली बसला. एक वर्षभर त्याला हे दिसले नव्हते. मित्रांनो, दुःखात माणूस एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बघतो आणि तिच्या शेजारची दुसरी त्याला दिसत नाही. मी तर तिथेच होते, मला दोन्ही दिसत होत्या.

दुसऱ्या दिवसापासून कुशाबाने माझी परीक्षा घ्यायला सुरुवात केली. हैबतरावांना त्याने सांगितले की दुपारच्या खेपा मला द्या, उशीर झाला तर बोलू नका. पहिल्या दिवशी माथ्यावर येताच त्याने झटकन नारळ फोडला, विडी नाही, पाणी नाही, आणि लगेच हँडल मारायला लावले. मी सुरू झाले नाही. दुसऱ्या दिवशी नारळ फोडलाच नाही. नुसता बसून राहिला. कोंडिबाला ते सहन होईना. तो दुसरीकडे तोंड करून उभा राहिला आणि म्हणाला की देवाची परीक्षा बघणाऱ्याबरोबर मी उद्यापासून येणार नाही. सावली दुसऱ्या धोंड्यावर आली, हँडल मारले, मी सुरू झाले. कोंडिबा आत येऊन बसला. दुसऱ्या दिवशी वेळेवर हजर होता.

आता कुशाबाला एवढे कळले की दुखणे उष्णतेचे आहे. पण कुठे? तिसऱ्या दिवशी त्याने माझे बॉनेट उघडले. आधी पेट्रोल पेटवणारी ठिणगी पाहिली. प्लगची वायर काढून इंजिनच्या लोखंडाजवळ धरायला त्याने कोंडिबाला सांगितले आणि स्वतः हँडल मारले. ठिणगी एवढी चांगली होती की कोंडिबा वायर टाकून दोन हात मागे उडाला. त्याने माझ्या सात पिढ्या काढल्या. ठिणगी ठीक होती.

मग पेट्रोल. टाकीतले पेट्रोल इंजिनाकडे ओढणाऱ्या माझ्या पंपाखाली काचेची एक छोटी वाटी आहे. टाकीतून आलेले पेट्रोल आधी तिच्यात उतरते. गार असताना ती काठोकाठ भरलेली असते. कुशाबाने फडक्याने काच पुसली आणि डोळा लावला. वाटी निम्मी रिकामी होती, आणि उरलेले पेट्रोल भाताच्या पाण्यासारखे उकळत होते. टाकी तर भरलेली होती. पेट्रोल नळीतच वाफ होत होते आणि ती वाफ पुढचे पेट्रोल येऊ देत नव्हती. चढावर पंखा वारा घालत असे तोवर निभत होते. इंजिन थांबले की पंखा थांबे आणि सगळी उष्णता तिथेच कोंडून बसे.

पारूही येऊन डोकावली. तिची पाटी ओल्या फडक्याने झाकलेली होती. तिने ते फडके काढून पुढे केले. “माझी करवंदं ह्याच्यावरच सांजपातूर टिकत्यात. जे तापलंय त्याला गुंडाळा.”

कुशाबाने मडक्यातल्या पाण्यात फडके बुडवले, पिळले आणि पंपाला आणि नळीला गुंडाळले. मला तो गारवा अजून आठवतो. काचेच्या वाटीतले बुडबुडे कमी झाले, मग थांबले, आणि पेट्रोल वर चढू लागले. वडाची सावली जागची हललीही नव्हती. कोंडिबाने हँडल मारले. मी सुरू झाले.

फडके गुंडाळताना कुशाबाच्या बोटांना नळीमागे काहीतरी लागले होते. त्याने इंजिन गार झाल्यावर पुन्हा हात घातला. धूर जायचा जाड लोखंडी पाइप इंजिनला लागूनच आहे, सगळ्यात जास्त तो तापतो. पेट्रोलची नळी त्याच्या शेजारून जाते. मध्ये स्क्रूची दोन रिकामी भोके होती. तिथे कारखान्याने एक पत्रा बसवलेला होता, नळीला आच लागू नये म्हणून. तो पत्रा ढिला होऊन खडखडत असे. पूर्वी एकदा वऱ्हाड घेऊन जाताना त्या आवाजाला कंटाळून कुशाबाने तो स्वतःच काढला होता आणि रस्त्याकडेला फेकून दिला होता. त्याला ते आता आठवले. मला कायम आठवत होते.

तो रस्त्यावर उभा राहून म्हणाला, “देव न्हाई रं, कोंडिबा. पत्रा हाय. पत्रा.”

हे तो दोनतीनदा म्हणाला. त्याचा चेहरा मी नीट पाहिला. पत्रा त्याच्या हाताने निघाला होता, ते त्याला बोचले असणारच. पण वर्षभर खांद्यावर घेतलेले काहीतरी त्याने खाली ठेवले, हेही दिसत होते. देवाचा राग असेल तर तो लेकीलाही नेईल, अशी भीती त्याच्या मनात बसली होती. पत्र्याला राग नसतो. पत्रा बसवता येतो.

घरी येऊन त्याने रॉकेलचा रिकामा डबा कापला, पत्रा ठोकून सरळ केला आणि दोन स्क्रूंनी आवळून बसवला. नळीही वाकवून दोन बोटे लांब नेली. मग भरल्या गाडीने दुपारी घाट चढून तीन दिवस पाहिले. तिन्ही दिवस मी पहिल्या झटक्याला सुरू झाले. कोंडिबाने तरीही सीटखाली एक नारळ ठेवलाच होता. ते मला माहीत होते, कुशाबाला नव्हते.

वैशाखातल्या एका दुपारी जयाला कळा सुरू झाल्या. मागे पेंढा, त्यावर गोधडी, तिथे जया आणि तिचा हात धरून रंभाबाई. कुशाबा ठरवून निघाला होता की माथ्यावर इंजिन बंद करायचे नाही, देवाला बसल्या जागेवरून हात जोडायचे. देव समजून घेईल, असे तो कोंडिबाला म्हणाला. पण चढ संपता संपता मागून रंभाबाईने फळीवर थापा मारल्या. “थांबीव. इंजन बंद कर आधी. ह्या हादऱ्यानं पोरीचा जीव जाईल. जरा दम खाऊ दे तिला.”

कुशाबाने मला वडाखाली घेतले. किल्लीवर हात ठेवून तो क्षणभर थांबला. मग इंजिन बंद केले.

इतकी शांतता मी त्या माथ्यावर कधी ऐकली नव्हती. मागे जया कण्हत होती. पारू पाणी घेऊन आली. उतरता उतरता कोंडिबाचा एक हात सीटखाली जाऊन आला आणि मग तो हँडलपाशी उभा राहिला. कुशाबाने ते पाहिले. पाचएक मिनिटांनी रंभाबाई म्हणाली, “चल आता. सावकाश.”

माझे अंग तापलेले होते. खाली डांबर पातळ झाले होते. मी मनात म्हटले, आता तरी. कोंडिबाने हँडल अर्धे फिरवले आणि मी सुरू झाले. त्याला पुरा फेराही घ्यावा लागला नाही. तो तसाच वाकलेला राहिला, जणू अजून मेहनत शिल्लक आहे. मग त्याने सीटखालचा नारळ काढून पारूच्या ओटीत टाकला आणि धावत येऊन बसला. कुशाबाने डोळे पुसले आणि गिअर टाकला. भूगाव, कोथरूड, पुणे. कुठेही मी अडले नाही.

पोट कापून मूल काढावे लागले. मुलगी झाली. जया वाचली, मुलगीही वाचली. रंभाबाई बाहेर येऊन हे सांगून गेली, तेव्हा कुशाबा माझ्या पायरीवर बसला आणि मडगार्डला डोके टेकून राहिला. कोंडिबा म्हणाला की पोरीचे नाव गाडीबाई ठेवा. कुशाबा हसला. वर्षभरात मी त्याला पहिल्यांदा हसताना पाहिले.

त्यानंतर आठ वर्षे मी काम केले. मग रस्त्यावर डिझेलच्या नव्या मोटारी आल्या आणि हैबतरावांच्या मुलांनी मला गोठ्यामागे उभे केले. माझ्या सीटवर कोंबड्या अंडी घालतात. टायर कोणी काढून नेले. मला त्याचे फार वाईट वाटत नाही, मी माझे काम करून बसले आहे. कुशाबा अधूनमधून येतो, बॉनेट उघडून बघतो आणि पत्रा हलवून पाहतो. तो अजून घट्ट आहे.

मित्रांनो, तुमच्या घरात मोटार असो, सायकल असो की नुसता रहाट, तो अडला तर त्याला शिव्या देऊन किंवा नवस बोलून थांबू नका. ज्याला बोलता येत नाही त्याचे दुखणे बघूनच कळते. कधी अडते, कधी अडत नाही, ते नीट बघा. खडखडणारी गोष्ट फेकण्याआधी ती तिथे कशासाठी आहे ते विचारा. आणि रोज तिथे बसणारे जे माणूस असेल, त्याचे ऐका, मग ते करवंदे विकणारे का असेना.

जयाला मुलगी झाली त्या संध्याकाळचे एक सांगायचे राहिले. दवाखान्याच्या दारातून एक डॉक्टर बाहेर आले. धोंडाबाईला तपासणारे तेच होते. कुशाबा पायरीवरून उठला आणि हात जोडून त्यांच्यापुढे उभा राहिला. त्यांनी विचारले, “काय पाहिजे?” कुशाबा म्हणाला, “काय न्हाई, सायब.” डॉक्टर निघून गेले.

परत येऊन त्याने कोंडिबाला सांगितले, आणि मी ते ऐकले. धोंडाबाई गेली तेव्हा हे डॉक्टर फक्त एवढेच म्हणाले होते, की आणायला उशीर झाला. तो उशीर घरी काढलेल्या तीन दिवसांचा, की घाटातल्या अर्ध्या तासाचा, हे कुशाबाला विचारायचे होते. ते त्याने त्या दिवशी विचारले नाही. त्यानंतर तो पुण्याला पुष्कळदा गेला, त्या दवाखान्यावरूनही गेला. ते विचारायचे अजून राहिले आहे.